पुढे पाठवण्याआधी शेवटपर्यंत ऐक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चांगले गाणे चार लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून तू रोज काही ना काही पाठवतोस, पण नीट कोणी ऐकत नाही, ही तुझी तक्रार वाचली. आजीच्या आवाजातल्या ओव्यांची जुनी कॅसेट यूट्यूबवर टाकावी का, हा प्रश्नही वाचला. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच सवयीत आहे, म्हणून आधी त्या सवयीबद्दल लिहितो.

गेल्या आठवड्यात तू एका वृद्ध वारकऱ्याच्या अभंगाचा व्हिडिओ पाठवलास. आवाज खणखणीत होता, पखवाजाची साथ उत्तम होती, पालुपदावर टाळांचा ठेका छान जमला होता, आणि दुसरे कडवे सुरू होते न होते तोच सगळे तुटले. कोण गात होते, कोणत्या दिंडीत गात होते, अभंग कोणाचा, यातले काहीही त्यात नव्हते. अभंगात रचणाऱ्याचे नाव शेवटच्या चरणात येते, हे तुला ठाऊक आहेच. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ अशी ती नाममुद्रा असते, आणि आधीच्या कडव्यांत जे उलगडत आलेले असते, तेही पुष्कळदा त्याच चरणात येऊन ठरते. भजनात तिथे पोहोचेपर्यंत लयही चढलेली असते. अभंग तीस सेकंदांत बसवायला निघाले की कात्री नेमकी या ओळीवर चालते, आणि मग तुकोबांचे शब्द बिननावी सुविचार होऊन फिरू लागतात.

वेळेची टंचाई गाण्याला नवी नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती. तासभर रंगणारा राग त्यांनी तेवढ्यात आटोपशीर मांडला, आणि शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असे इंग्रजीत ठणकावून सांगितले. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कळणार नव्हते, त्यामुळे लेबलवर कोणाचे नाव छापायचे याची खूण आवाजातच ठेवावी लागे. सोय कारखान्याची होती, पण तिच्यामुळेच आज सव्वाशे वर्षांनीही तो आवाज कोणाचा हे कोणाला विचारावे लागत नाही. याउलट आपल्या खिशातल्या फोनमध्ये नाव लिहायला हवी तेवढी जागा आहे, आणि तरीही निनावी आवाजांचा ढीग वाढतो आहे. मला हे आळसाचे लक्षण वाटते. तू याला काळाचा वेग म्हणशील, तर म्हण.

गाण्याचा शेवट कापला तर फार तर रसभंग होतो, असे तुला वाटेल. पण कराचीच्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेचा एक जनजागृतीचा लघुपट आठव. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या एका मुलाला उचलून नेतात. थोड्याच वेळात परत येऊन त्याला सोडतात, आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. उरलेला तुकडा मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून २०१८ मध्ये भारतभर फिरला. अशाच अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाण लागलेला, म्हणजे अनेकदा पुढे गेलेला संदेश, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तुझ्या त्या अभंगावरही हेच दोन बाण होते. दोन बाण म्हणजे खोटे, असे नव्हे. पण वस्तू पुष्कळ हातांतून फिरून आपल्याकडे आली आहे, एवढे ते सांगतात. तिथे थांबून मूळ शोधायला हवे.

मूळ शोधणे वाटते तितके अवघड नाही. अभंग असेल तर पहिली ओळ घेऊन गाथ्याची सूची चाळावी. तुकोबांच्या शासकीय गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, आणि ‘तुका म्हणे’ असे शेवटी जोडलेली प्रत्येक रचना त्यांत सापडेलच असे मुळीच नाही. पु. लं.च्या नावावर किती परकी वाक्ये खपतात, हे तू घरच्या ग्रुपवर रोज पाहतोसच. व्हिडिओ असेल तर त्यातले एखादे स्पष्ट चित्र घेऊन गूगलवर चित्रशोध करावा. बहुतेक वेळा जुनी, लांब आणि नावासकट असलेली प्रत हाती लागते. मग तीच लिंक पाठवावी. डाउनलोड करून पुन्हा स्वतःच्या पानावर चढवू नये, कारण लिंकबरोबर कलावंताचे नाव, त्याची इतर गाणी आणि त्याला मिळायचे ते श्रेय किंवा पैसे असे सगळेच जाते. उचललेल्या फाइलबरोबर यातले काहीच जात नाही. कायदाही याच बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना सादरकर्ते म्हणून आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क दिला आहे.

तुझे कोणी ऐकत नाही, याचे कारणही मला इथेच दिसते. चाळीस जणांच्या ग्रुपवर रोज पाच गाणी टाकणाऱ्याचे गाणे चाळीसही जण उद्यावर ढकलतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक गाणे एकाच माणसाला पाठवून पाहा, आणि सोबत दोन वाक्ये स्वतःची लिही: हे कोण गाते आहे, आणि यातल्या कोणत्या जागेवर तू थांबलास. ‘चौथ्या मिनिटाला कोमल धैवतावर किती वेळ रेंगाळल्या आहेत, ते बघ,’ असे कोणी लिहिले, तर मी हातातले काम बाजूला ठेवून ऐकतो. ‘अवश्य ऐका, अंगावर काटा येईल’ हे वाचून मी आजवर काहीही ऐकलेले नाही.

आता आजीच्या कॅसेटबद्दल. जात्यावरच्या ओव्या कशा जपाव्यात याचा आदर्श पुण्यात झालेल्या कामात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकताना गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि ध्वनिमुद्रणाची तारीख सोबत दिसते. लोकगीत म्हणजे कोणाचेच नाही असे आपण सहज म्हणतो. या लोकांनी ते म्हटले नाही. तूही आजीचे पूर्ण नाव, माहेर, सासर आणि साधारण वर्ष व्हिडिओच्या वर्णनात लिही.

मात्र त्याआधी तुझ्या आत्यांना आणि काकांना कॅसेट ऐकव. ओव्यांत बाई सासुरवास सांगते, दिराचे आणि जावेचे वागणे सांगते, आणि ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांची मुलेनातवंडे आज गावात असतात. एखादी ओवी जगापुढे नको असे आत्या म्हणाल्या, तर वाद न घालता ती घरापुरती ठेव. पण घरी ठेवायची प्रत मात्र पूर्णच असू दे.

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या आधी मोडून टाक, म्हणजे चुकून वर नवे काही रेकॉर्ड होणार नाही. वाजवण्यापूर्वी टेप एकदा पुढे-मागे फिरवून सैल करून घे. दोन्ही बाजू एका दमात वॅव्ह, म्हणजे आवाज न आकसवता साठवणाऱ्या, फाइलमध्ये उतरव, आणि एमपी-थ्री हवी तर नंतर तिच्यावरून कर. मधला खोकला, जात्याची घरघर, ‘झालं का रे?’ असे कोणाला तरी विचारणे, यातले काहीही साफ करू नकोस. फाइल तयार झाली की मला लिंक पाठव. ओव्या लिहून काढायला मी मदत करीन, आणि न कळलेले शब्द आपण दोघे मिळून आत्यांना विचारू.