वाटी निसटते कुठून?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये रोबोच्या हाताने जवळजवळ प्रत्येक वेळी नीट उचलली जाणारी स्टीलची वाटी खऱ्या टेबलावर मात्र निम्म्याहून अधिक वेळा निसटते, आणि म्हणून हा नाद सोडून सगळ्यांसारखे पकडीच्या लाखो नमुन्यांवर संगणकाचे मॉडेल शिकवण्याकडे वळावे का, असे तू विचारतेस. त्याआधी मला सांग, ती वाटी निसटते कुठून? बोटाच्या टोकावरून की मधल्या भागावरून? सरळ घसरते, की आधी फिरते आणि मग घसरते? एवढ्या लांब मेलमध्ये यशाच्या टक्केवारीचे तीन आलेख आहेत आणि याविषयी एक वाक्यही नाही, याचा मला खरोखर राग आला.

हा राग थोडा माझ्यावरचाही आहे. उमेदवारीच्या काळात माझे आठ महिने पोलादी पिन भोकात बसवण्यात गेले. पिन अडकली की मी रोबोच्या अचूकतेला दोष देई, म्हणून सांधे किती फिरले ते मोजणारे एन्कोडर बदलले, कॅमेरा बदलला. शेवटी वर्कशॉपमधल्या फिटरकाकांनी ती पिन चिमटीत सैल धरून भोकाच्या तोंडाशी नेली आणि ती अलगद आत गेली. घट्ट धरलेली पिन किंचित तिरकी शिरली, की एका बाजूने तोंडाशी आणि समोरच्या बाजूने आत अशी दोन ठिकाणी टेकते. मग दाबावे तितकी ती रुतत जाते. अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेने यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकातच रोबोसाठी लवचीक मनगट तयार केले होते. त्यावरचे निबंध मी वाचलेले होते, पण माझ्या टेबलावर तेच घडते आहे हे वाकून पाहिले नव्हते. त्याहून वाईट म्हणजे फसलेल्या प्रयत्नांच्या टेपांवर मी पुढचे प्रयोग चित्रित केले. त्या टेपा आज हव्या होत्या.

तेव्हापासून वस्तू कुठे आणि कशी सुटली हे पाहिल्याशिवाय मी एकही निबंध पाठवला नाही. त्यामुळे माझे निबंध कमी झाले आणि दोन हुशार विद्यार्थी कंटाळून दुसरीकडे गेले. तरीही मी चुकलो असे मला वाटत नाही. वस्तू घसरू लागताच माणसाची बोटे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आवळतात, हे योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ मध्ये स्वीडनमध्ये मोजून दाखवले. आपली बोटे त्या स्पर्शाकडे इतके लक्ष देतात, आणि आपण संशोधक म्हणवून घेणारे तो बघायलाही तयार नसतो!

मॉडेल जरूर शिकव, माझा विरोध नाही. पण कुठून निसटते ते न बघता गोळा केलेल्या लाख नमुन्यांत तीच वाटी लाख वेळा निसटेल. उद्या मोबाइल वाटीच्या उंचीवर ठेवून वीस फसलेले प्रयत्न संथ गतीत चित्रित कर, प्रत्येकापुढे स्पर्श कुठे सुटला ते हाताने लिही आणि ती वही मला पाठव. आणि प्रयोगाआधी वाटी धुऊन कोरडी केली होतीस, की तिला कालच्या हातांचे तेल तसेच होते, तेही कळव.

तुझा,
सर