सासऱ्यांची विन्चेस्टर की नवीन बोल्ट-अ‍ॅक्शन? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर पिट्सबर्गला. नवऱ्याच्या घरचे सगळे थँक्सगिव्हिंग झालं की पेन्सिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीतल्या कॅम्पवर हरणाच्या शिकारीला जातात. यंदा मीही हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. सासऱ्यांनी त्यांची जुनी विन्चेस्टर ९४, खालची लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल, मला देऊ केलीय, थर्टी-थर्टी काडतुसाची. दीर म्हणतो ती भिंतीवर टांग आणि ६.५ क्रीडमूर काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन घे, म्हणजे हाताने बोल्टची दांडी मागे-पुढे करून भरायची रायफल, वर नेमाच्या दुर्बिणीसकट, म्हणजे स्कोपसकट. मी ४६ वर्षांची, वाचायला चष्मा लागतो. सासऱ्यांचं मन मोडायचं नाहीये, पण हरीण जखमी होऊन पळालं तर मला झोप लागणार नाही. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही चष्म्याचं आणि जखमी हरणाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निर्णय त्या दोन गोष्टींवरच व्हायला हवा.

आधी सासऱ्यांच्या बंदुकीबद्दल. तिला भिंतीवर टांगायचं काही कारण नाही. जॉन ब्राउनिंगचं १८९४ चं डिझाइन, त्यात थर्टी-थर्टी १८९५ मध्ये आलं, आणि तेव्हापासून अशा ७० लाखांहून जास्त बंदुका बनल्या, त्या काही उगाच नाही. वजन तीन किलोच्या आसपास, चपटी, दिवसभर हातात धरून डोंगर चढा, काही वाटत नाही. आणि पॉटर काउंटीचं जंगल तुम्ही पाहिलंय ना, झाडी एवढी की बऱ्याचदा हरीण दिसतं तेच ५०-६० यार्डांवर, तिथे क्रीडमूरच्या लांब पल्ल्याचा उपयोग तरी काय. १०० यार्डांवर नेम बसवला तर थर्टी-थर्टीची गोळी २०० यार्डांवर ७-८ इंच खाली जाते आणि क्रीडमूरची साधारण ४ इंच, पण तुम्हाला पहिल्या सीझनला २०० यार्डांवर बार टाकायचाच नाहीये, तेव्हा हा फरक सोडून द्या.

तरीही माझं मत विचाराल तर यंदा स्कोपवाली बोल्ट-अ‍ॅक्शन घ्या.

पहिलं कारण डोळे. जुन्या बंदुकीवर डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं हरीण अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात, आणि चाळिशी लागलेला डोळा तिन्ही एकदम स्पष्ट दाखवूच शकत नाही. खाच तर धूसर होतेच, पहाटेच्या उजेडात माशीही विरघळल्यासारखी होते. स्कोपमध्ये क्रॉस आणि हरीण एकाच पातळीवर दिसतं, डोळ्याला कसरत नाही. मग ९४ वरच स्कोप का नाही बसवायचा? कारण १९८० च्या दशकाआधीच्या ९४ मधून रिकामं काडतूस वरच्या बाजूने बाहेर पडतं, म्हणजे नेमकं जिथे स्कोप बसवायचा तिथूनच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जुन्या ९४ ला वेगळं सेफ्टीचं बटण नाही, घोडा अर्धा चढवून ठेवायचा हीच सेफ्टी. आता असं बघा, थंडी शून्याखाली, हातात जाड ग्लव्ह, हरीण समोर आलं म्हणून तुम्ही घोडा पूर्ण मागे ओढला, ते झाडामागे गेलं, बार टाकायचा नाही असं ठरलं. आता नळीत भरलेलं काडतूस आहे आणि तुम्हाला अंगठ्याने घोडा धरून, चाप दाबून, हळूच खाली आणायचाय. अंगठा सटकला की बार उडाला. संध्याकाळी बंदूक रिकामी करतानाही तेच, लिव्हर मागे-पुढे करत एकेक काडतूस नळीतून फिरवून बाहेर काढावं लागतं. सासऱ्यांच्या हाताला हे वर्षानुवर्षांचं वळण आहे, तुमच्या हाताला अजून नाही. बोल्ट-अ‍ॅक्शनला सेफ्टी अंगठ्याखाली असते, आणि मॅगझिन काढून बोल्ट मागे घेतला की बंदूक रिकामी झालीय हे डोळ्यांनी दिसतं.

काडतूस ६.५ क्रीडमूरच हवं असं नाही. २४३ विन्चेस्टर किंवा ७ एमएम-०८ घेतलंत तरी धक्का सोसवेल असा आहे आणि इथल्या व्हाइटटेल हरणाला पुरून उरतं. स्कोप कमी पॉवरचा घ्या, २ ते ७ पट मोठं दाखवणारा वगैरे, आणि जंगलात शिरताना सगळ्यात कमीवर ठेवा, नाहीतर जवळच्या हरणाचे नुसते केस दिसतात आणि खांदा कुठला पोट कुठलं कळत नाही. दुकानदार एआर टाइपची सेमी-ऑटो, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, दाखवेल, पण पेन्सिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटो रायफल चालत नाही. आणि कुणी ओहायोला बोलावलं तर तिथे थर्टी-थर्टीही नाही आणि क्रीडमूरही नाही, तिथे फक्त सरळ भिंतीची, तोंडाशी निमुळती न होणारी काडतुसं, म्हणजे १८७३ चं ४५-७० चालतं पण तुमच्या घरातलं दोन्ही नाही.

आता जखमी हरणाचं. जेवणाची साधी कागदी प्लेट घ्या, साधारण ८ इंचांची, खांद्यामागे फुप्फुस-हृदयाची जागा जवळपास तेवढीच असते. रेंजवर ५० यार्डांपासून सुरुवात करा, टेबलावर टेकून नाही तर बसून, गुडघ्यावर, झाडाला रेलून, जसं जंगलात मारणार तसं. ज्या अंतरापर्यंत प्रत्येक गोळी प्लेटमध्ये लागते ते तुमचं अंतर, त्यापुढे हरीण कितीही मोठ्या शिंगांचं असो, बार टाकायचा नाही. आणि टाकलात तर ते पडलेलं दिसलं नाही म्हणून लगेच मागे धावू नका, अर्धा तास थांबा, ते उभं होतं ती जागा नीट लक्षात ठेवा, मग रक्ताचा माग काढा. घाईने मागे लागलं की अर्धमेलं हरीण उठून मैलभर जातं आणि मग सापडतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

सासऱ्यांना मात्र सरळ सांगा की बंदूक मला हवीय, पुढच्या वर्षी. तोवर ती गनस्मिथकडून तपासून घ्या आणि त्यालाच रिसीव्हरवर (बंदुकीच्या मधल्या धडावर) पीप साइट बसते का विचारा, बारीक भोकातून बघायचं असल्यामुळे चाळिशीच्या डोळ्याला ती खाचेपेक्षा खूप बरी पडते. उन्हाळ्यात सासऱ्यांना सोबत घेऊन रेंजवर जा, घोडा उतरवायचं आधी रिकाम्या बंदुकीवर त्यांच्याकडूनच शिका, त्यांना केवढा आनंद होईल. काडतुसं घेताना मात्र चपट्या किंवा गोल टोकाची, नाहीतर मुद्दाम लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी बनवलेली मऊ टोकाचीच घ्या. या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक असतात, कडक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकून आतच स्फोट होऊ शकतो.

प्रश्न: मी एच-१बी वर्क व्हिसावर आहे. मला रायफल घेता येते का?

उत्तर: एरवी नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक काय, काडतूस बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. पण एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर कायद्यात सूट आहे. यातली मेख नीट समजून घ्या, पेन्सिल्व्हेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं, सूट त्या लायसन्सवर टिकलेली आहे, म्हणजे १ जुलैला नवीन काढलेलं नसेल तर घरातली बंदूकच तुम्हाला अडचणीत आणेल. बंदूक खरेदीचा फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, तिथे पैसे वाचवू नका.

प्रश्न: आमच्या आजोबांकडे सिंधुदुर्गात शेतीच्या राखणीला परवान्याची ठासणीची बंदूक होती. इथे ख्रिसमसनंतर फक्त तसल्या बंदुकीचा सीझन असतो असं ऐकलं, खरं का?

उत्तर: खरंय, पण नुसती ठासणीची चालत नाही, चकमकीचीच लागते. पेन्सिल्व्हेनियात २६ डिसेंबरपासून फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा, सीझन असतो, १९७४ पासून. स्कोप नाही, चकमकीऐवजी टोपीने (कॅपने) पेटणारी बंदूक नाही, आणि २०९ प्रायमरवाल्या मॉडर्न इनलाइन ठासणीला तर ऑक्टोबरचा सीझन वेगळा आहे. लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी १८ व्या शतकात ज्या लांब नळीच्या रायफली घडवल्या त्याच वळणाच्या बंदुका लोक आजही बर्फात घेऊन फिरतात, मला हा सीझन सगळ्यात आवडतो.

चाप ओढल्यावर गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकावर, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूवर, पडते, तिथून आग नळीच्या कानातून (बारीक भोकातून) आत जाते आणि मग बार होतो. हे सगळं क्षणभरात, पण तो क्षण जाणवतो, आणि तोंडासमोरच भडका उडाला की नवखा माणूस दचकून मान उचलतो आणि नेम जातो. धूर निघेपर्यंत नेम हलवायचा नाही, एवढीच सवय आधी लावा. ५० यार्डांपुढे जाऊ नका. हवा दमट असेल तर रंजक बदलत राहा, ते पाणी ओढून घेतं. आणि काळ्या दारूची राख नळी खाते, म्हणून कितीही दमला असाल तरी त्याच रात्री गरम पाणी आणि साबणाने नळी धुवा, पूर्ण कोरडी करा आणि तेल लावूनच ठेवा.