पाच अक्षरांच्या इंग्रजी शब्दांत क्यू आणि यूची जोडी: कुठे शोधायची, आणि यू नसेल तर काय?

तुम्ही विचारलंय की क्यूच्या मागोमाग यू येतो असे पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द कोणते, आणि स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ) खेळताना हातात यूच नसेल तर क्यूचं करायचं काय. दोन्ही प्रश्न माझ्या आवडीचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, ए टू झेड लावलेली यादी पाठ करू नका. पाठ होते, पण बोर्डासमोर बसल्यावर वेळेला आठवत नाही. त्यापेक्षा ही जोडी शब्दात कितव्या घरात बसते ते बघा. जागा फक्त तीन आहेत.

सगळ्यात मोठा गठ्ठा सुरुवातीच्या जागेचा. क्वीन, क्विक, क्वेस्ट, क्वेरी, क्वोटा, क्वोट, क्विल्ट, क्वर्क, क्वॅक, क्वेक, क्वॉश. 'क्वेल' दोन आहेत, ए-आय-एल वाला लावा पक्षी आणि ई-डबल एल वाला म्हणजे दडपून टाकणं. शांत या अर्थाचा 'क्वाएट' आणि बराच या अर्थाचा 'क्वाइट' यांच्या टाइल अगदी त्याच पाच, फक्त शेवटची दोन अक्षरं उलटसुलट. त्यामुळे बोर्डावर टी-ने संपणारा शब्द बसतोय की ई-ने, ते बघून निवडता येतं. आणि रांगेचा 'क्यू' विसरू नका! क्यू-यू-ई-यू-ई. हातात यू आणि ई साचून राहिले असतील तर एका फटक्यात मोकळे होता.

दुसऱ्या घरापासून जोडी सुरू होते ते इक्वल, इक्विप, स्क्वॉड, स्क्वॉट, स्क्विड, स्क्विब. यातले एसवाले शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण ते दुसऱ्याच्या शब्दावर उभे राहतात. समोरच्याने 'क्वॉड' लावला असेल तर पुढे एस ठेवा, 'स्क्वॉड' झाला. 'क्विड'चा 'स्क्विड' होतो. पाच अक्षरी 'क्वॉश'ला एस लावला की सहा अक्षरी 'स्क्वॉश'. समोरच्याचे क्यूचे दहा गुण तुम्हालाही मिळतात आणि त्याच एसवरून तुमचा दुसरा शब्द खाली उतरतो. संचात एस चारच असतात, ते अशा ठिकाणी खर्च करावेत.

तिसऱ्या घरातले थोडे आहेत, 'पीक' (पी-आय-क्यू-यू-ई) आणि 'टोक' (टी-ओ-क्यू-यू-ई). पहिला म्हणजे डिवचलं गेल्याचा राग, दुसरी शेफची उंच पांढरी टोपी. दोन्ही फ्रेंचमधून आलेले, म्हणून यूचा उच्चारच होत नाही.

मुळात ही जोडी इंग्रजीची नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'क्वीन' सी-डब्ल्यू-ई-एन असं लिहीत. क्विक, क्वेक आणि दडपण्याचा 'क्वेल' यांचीही सुरुवात सी-डब्ल्यूनेच व्हायची. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर लिहिण्याचं काम लॅटिन-फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती गेलं आणि हळूहळू सगळीकडे क्यू-यू रुजलं. उच्चार होता तसाच राहिला, बदललं ते स्पेलिंग.

आता यू नसलेल्या क्यूकडे वळू. इथे आपण मराठी माणसं फायद्यात आहोत, हे मला मनापासून सांगायचंय. अरबीत 'क' दोन आहेत, आणि त्यातला घशाजवळून उच्चारायचा 'काफ' रोमन लिपीत लिहिताना बहुतेकदा क्यूने दाखवतात. तो ज्या शब्दांत आहे त्यातले कितीतरी आपण रोज ऐकतो. फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर, बोर्डावरच्या खास घरांचे जादा गुण धरण्याआधीच १७), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), निकाब, बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए, इथे यू आहे पण क्यूच्या आधी), मक्केची दिशा दाखवणारा किब्ला. चार अक्षरी 'वक्फ'सुद्धा चालतो, एस लावला की पाच. भारतातल्या स्पर्धांत कॉलिन्सची (या शब्दकोश प्रकाशकाची) स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांची यादी वापरतात आणि हे सगळे तीत आहेत.

'कनात'ही आहे, पण ती मांडवाची कनात नव्हे. इराणमध्ये डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत उताराने आणतात, तो कनात. मलिक अंबरने १७व्या शतकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्या नहरी बांधल्या त्या याच जातीच्या. स्पेलिंग क्यू-ए-एन-ए-टी.

कधी सात टाइलमध्ये कव्वाली जमली तर सोडू नका. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. संचात डब्ल्यू दोनच असतात आणि दोन्ही लागतात, म्हणून योग दुर्मीळ. पण जमला तर अक्षरांचे २२ आणि सातही टाइल एकदम लावल्याचे ५०, म्हणजे ७२, त्यावर बोर्डाच्या घरांचे वेगळे.

रोजच्या खेळात मात्र तारून नेतो तो दोन अक्षरी क्यू-आय. चिनी विचारातली प्राणशक्ती, उच्चार 'ची'. उत्तर अमेरिकेच्या यादीत हा शब्द २००६ साली आला आणि क्यूची धास्ती बरीच कमी झाली. तिहेरी अक्षराच्या घरावर (तिथे अक्षराचे गुण तिप्पट होतात) क्यू ठेवून आडवा आणि उभा दोन्हीकडे क्यू-आय साधला तर ३१ अधिक ३१, एकूण ६२. म्हणून हातात क्यू असेल तर बोर्डावर मोकळा आय कुठे आहे ते आधी हेरून ठेवा, आणि समोरच्याकडे क्यू असल्याचा संशय आला तर त्या आयशेजारची जागा आपणच अडवून टाका.

हे कशातच बसत नसेल तर क्यू बदलून घ्या, पण वेळेत. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल उरल्या की बदली बंद होते, आणि डाव संपताना क्यू हातात राहिला तर तुमचे दहा गुण वजा होतात, शिवाय ज्याने आधी टाइल संपवल्या त्याला वर मिळतात. पिशवीत पंधरा-वीस टाइल राहिल्या की मी बोर्डावरचे यू मोजते. एकूण चार असतात. चारही पडलेले असतील आणि मोकळा आय दिसत नसेल, तर एक पाळी गेली तरी चालेल, मी क्यू पिशवीत परत टाकते.