भूक नाकारणाऱ्या मुलीच्या घरात कोणती पुस्तके असावीत?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दहावीच्या परीक्षेनंतर तिचे जेवण कमी होत गेले आणि आता मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याचा मानसिक आजार) असे निदान केले आहे. ती स्वतः दोन घासही धड खात नाही, मात्र तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ पाहते आणि आम्हा सर्वांसाठी केक करते. सासूबाईंना हा निव्वळ हट्ट वाटतो. आम्ही कोणती पुस्तके वाचावीत? या आजारातून बऱ्या झालेल्या स्त्रियांची आत्मकथने मुलीला द्यावीत का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आत्मकथने सध्या तिच्या हाती देऊ नयेत. मार्या हॉर्नबाकर यांचे ‘वेस्टेड’ (१९९८) हे त्यांतले बहुचर्चित पुस्तक लेखन म्हणून ताकदीचे आहे. परंतु उपासमारीचे आणि वजनाचे तपशील त्यात इतके बारकाईने येतात, की आजाराच्या ऐन भरात असलेली मुलगी त्यांच्याशी स्वतःची तुलना करू लागण्याचा धोका असतो. पुढे प्रकृती स्थिरावल्यावर, तिच्या डॉक्टरांना विचारून, हा विषय पुन्हा काढता येईल.

आत्ता वाचायचे आहे ते तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी. जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांचे ‘हेल्प युवर टीनेजर बीट ॲन ईटिंग डिसऑर्डर’ (२००५) हे पुस्तक मी सर्वांत आधी सुचवेन. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारपद्धतीवर ते उभे आहे. आजार का झाला याचा शोध घेण्यात महिने घालवण्यापेक्षा आई-वडिलांनी काही काळ मुलीच्या जेवणाची सूत्रे स्वतःकडे घ्यावीत, वजन सावरू लागले की ती टप्प्याटप्प्याने तिच्याकडे परत द्यावीत आणि मग वयात येण्याच्या इतर प्रश्नांकडे वळावे, अशी ही पद्धत आहे. मुलीवर किंवा स्वतःवर दोषारोप न करता ठाम राहायचे, हा त्यातला सर्वांत अवघड भाग. जॅनेट ट्रेझर आणि सहलेखिकांचे काळजीवाहकांसाठीचे पुस्तक (२००७) त्यासाठी उपयोगी पडेल. अतिकाळजीने पोटाशी धरणारा कांगारू, चिडून धडक देणारा गेंडा, वाळूत डोके खुपसणारा शहामृग अशी घरच्यांच्या वागण्याची रूपे त्यात रंगवली आहेत; आपले रूप ओळखताना हसू येते, आणि या दिवसांत तेवढे हसूही मोलाचे असते.

हिल्डे ब्रुख यांचे ‘द गोल्डन केज’ (१९७८) हाती आले, तर ते त्या काळाचे पुस्तक म्हणूनच वाचावे. समंजस, हुशार, सर्वांना खूश ठेवणाऱ्या मुलीच्या मनाचे चित्रण त्यात मार्मिक आहे. मात्र कुटुंबातील संबंधांवर त्याचा इतका भर आहे, की आधीच खचलेली आई ते वाचून अधिकच अपराधी होईल. आनुवंशिकतेचाही या आजारात मोठा वाटा असतो, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे.

आता केकविषयी. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, ते चिडचिडे, खिन्न आणि एकलकोंडे झाले आणि त्यांच्यातले काही जण चक्क पाककृतींची पुस्तके जमवू लागले. त्या तरुणांना बारीक व्हायचे नव्हते. तरीही उपासमारीने मनाची अशी अवस्था केली. कीज यांचे दोन खंड (१९५०) तुम्ही वाचण्याची गरज नाही, पण एवढी हकिकत सासूबाईंना मराठीत अवश्य सांगावी. हट्टाविषयीचे त्यांचे मत त्याने बदलू शकेल, आणि एकादशी किंवा चतुर्थीचा उपास मुलीने पुढे केला, तर ‘सध्या नको’ हे आजीनेच म्हणणे अधिक परिणामकारक ठरेल.

यांतले कोणतेही पुस्तक उपचारांची जागा घेऊ शकत नाही. फार खालावलेल्या प्रकृतीत आहार एकदम वाढवला, तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून किती आणि कसे वाढवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. तिला भोवळ आली, छातीत धडधडू लागले किंवा तिने पाणीही नाकारले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तरीही तसेच करावे. एरवी मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर तुम्हालाही बोलता येईल.