भिंत दुसऱ्याची असेल तर ग्राफिटीवाल्याचा हक्क कसला?

प्रश्न: माझा 17 वर्षांचा मुलगा ग्राफिटीच्या नादी लागलाय. पुण्यात मित्रांबरोबर रात्री भिंती रंगवत फिरतो. ही कला आहे की विद्रूपीकरण? त्याला थांबवावं का? आणि भिंत दुसऱ्याची असेल तर यांचा हक्क कसला?

उत्तर: थांबवू नका. रात्रीचं भटकणं बंद करा आणि त्याला एक भिंत मिळवून द्या. कला आहे का, तर आहे. खरं म्हणजे उत्तर इथेच संपलं असतं, पण तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. शब्दन् शब्द हेच आमचे काका म्हणायचे, आणि त्यावरून आमच्याकडे जेवणं गार होईपर्यंत भांडणं झालीत.

काका 1970च्या दशकात न्यूयॉर्कला आले. पुढे मी शिकायला गेले तेव्हा क्वीन्समध्ये वुडसाइडला त्यांच्याकडेच राहिले. मॅनहॅटनला जायला सात नंबरची ट्रेन. ती क्वीन्समध्ये बहुतेक वाट जमिनीखालून नाही, रस्त्यावरच्या लोखंडी पुलावरून धावते. क्वीन्सबरो प्लाझा मागे पडलं की गाडी करकरत वळायची आणि खिडकीतून फाइव्ह पॉइंट्झ दिसायचं. पाण्याचे मीटर बनवणारा जुना कारखाना, आणि पायापासून गच्चीपर्यंत वीतभर जागा रंगाशिवाय नाही. जगभरातून लोक तिथे येऊन रंगवून जायचे. शहराचे पाच बरो, म्हणजे पाच विभाग, म्हणून हे नाव.

मी मुद्दाम कोर्ट स्क्वेअरला उतरून तिथे उभी राहायचे. एकदा एक मुलगी काम करत होती. तिने आधी रोलरने खालचं जुनं चित्र एका रंगात बुजवलं. मग फिकट रंगात अक्षरांचे सांगाडे टाकले, चार पावलं मागे जाऊन पाहिलं, एक अक्षर पुसून पुन्हा टाकलं. आतला रंग भरून झाल्यावर स्प्रेच्या कॅनची जाड धारेची कॅप काढून बारीक धारेची लावली आणि काळी कड एका दमात ओढली. मनगटातून नाही, खांद्यातून. हात क्षणभर जरी एका जागी रेंगाळला तरी रंग ओघळतो, आणि भिंतीपासून अंतर थोडं वाढलं की कड धूसर होते. प्रत्येक कडेनंतर कॅन उलटा धरून एकदा दाबायची, म्हणजे कॅपमध्ये रंग अडकत नाही. हे सगळं शिडीवर उभं राहून, वाऱ्यात, डोक्यावरून दर काही मिनिटांनी धडधडत ट्रेन जात असताना. ज्यांना ही 'रंगाची फासाफास' वाटते त्यांनी कॅन हातात घेऊन एक सरळ रेघ ओढून दाखवावी.

आणि शिस्त. मालकाने भिंती वापरायला स्वतः परवानगी दिलेली होती. 2002 पासून मेरेस वन नावाचा कलाकार तिथली सगळी व्यवस्था बघायचा. कोणाला कोणती भिंत, चित्र किती दिवस राहणार, हे तो ठरवायचा. नव्या माणसाने आधी आपलं काम आणि स्केच दाखवायचं, मग भिंत. ग्राफिटीवाल्यांचा आपसातला कायदाही कडक असतो. टॅग म्हणजे झटक्यात केलेली नावाची सही, थ्रो-अप म्हणजे घाईत काढलेली फुगीर अक्षरं, पीस म्हणजे वेळ घेऊन रंगवलेलं पूर्ण चित्र. टॅगवर थ्रो-अप चालतो, थ्रो-अपवर पीस चालतो, पण कोणाच्या मेहनतीच्या पीसवर नुसतं नाव खरडलं तर तो सरळ अपमान.

19 नोव्हेंबर 2013. रात्रीतून मालकाने सगळ्या भिंतींवर पांढरा रंग मारला. सकाळी ट्रेन वळली आणि मला आधी कळेचना आपण कुठे आलोय ते. इतका घाईचा हात होता की पांढऱ्याखालून डोळे आणि अक्षरांची टोकं दिसत होती. पुसलेलंही नाही आणि ठेवलेलंही नाही. ते दृश्य आठवलं की मला आजही राग येतो.

संध्याकाळी काका म्हणाले, "अगं, त्याची बिल्डिंग, त्याचा रंग. उद्या कोणी आपल्या गॅरेजवर लिहिलं तर तू काय आरती ओवाळणार आहेस?" मी म्हटलं, चोरून लिहिलेलं आणि परवानगीने काढलेलं यात काही फरक आहे की नाही? "भिंत ज्याची मर्जी त्याची," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. काकूने ताटं उचलली तरी आम्ही बोलतच होतो.

आता कोर्टात काय झालं ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. अमेरिकेत 1990 चा एक कायदा आहे. मान्यता पावलेली कलाकृती दुसऱ्याच्या इमारतीवर असली तरी ती मनाला येईल तशी नष्ट करता येत नाही; काढून नेता येण्यासारखी असेल तर कलाकाराला 90 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे त्याला ती काढून नेता येते. इथे नोटीस वगैरे काही नव्हती. इमारत पाडायला बंदी घालावी ही कलाकारांची मागणी न्यायाधीशांनी आधी फेटाळली होती, पण त्या आदेशाची सविस्तर कारणं यायच्या आतच मालकाने रंग मारून टाकला. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी 45 चित्रांसाठी प्रत्येकी दीड लाख डॉलर, म्हणजे एकूण 67 लाख 50 हजार डॉलर भरपाई 21 कलाकारांना द्यायला लावली. इमारत पाडायचा मालकाचा हक्क कोर्टाने नाकारला नाही. थांबला असता, नोटीस दिली असती, तर एवढी भरपाई लागलीच नसती. निकालात बोट ठेवलंय ते त्याच्या उर्मटपणावर.

मी काकांना निकाल फोनवर वाचून दाखवला. म्हणाले, "त्या जजचं डोकं फिरलंय." 2020 मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम केला आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तेव्हा मात्र काकांनी विषय बदलला.

"ते अमेरिकेत, आपल्याकडे कुठे?" असं म्हणू नका. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. सरकारनेच करून घेतलेलं, सरकारच्याच भिंतीवर. 1979 मध्ये ते न विचारता उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 चा. भिंत विकत घेता येते, पैसे देऊन चित्रही घेता येतं, पण चित्र काढणाऱ्याचं त्याच्याशी असलेलं नातं त्या व्यवहारात पुसलं जात नाही. भिंत सरकारची असूनही.

आता काकांची बाजू, कारण ती न सांगणं अन्याय होईल. ते ज्या ट्रेनने नोकरीला जायचे तिच्या खिडक्या रंगाने बंद झालेल्या असायच्या. नकाशावर नावं खरडलेली, बाहेर स्टेशन कोणतं ते दिसायचं नाही. नव्या माणसाला, त्यातून गोऱ्या नसलेल्या माणसाला, रात्री त्या डब्यात भीती वाटायची. 12 मे 1989 ला ग्राफिटीची शेवटची गाडी सेवेतून काढली, तो दिवस त्यांना सणासारखा वाटला होता. ते मला मान्य आहे. नकाशावर, खिडकीच्या काचेवर, कोणाच्या दुकानाच्या शटरवर, देवळाच्या किंवा किल्ल्याच्या दगडावर लिहिणं मला मुळीच पटत नाही. तुमचा मुलगा सिंहगडावर नाव लिहून आला असेल तर त्याच्याच हातात ब्रश देऊन... नाही, तेही नको, दगड आणखी खराब होईल. त्याला नुसतं रागवा.

पण टॅगला सरसकट घाण म्हणणंही मला मान्य नाही. 183व्या रस्त्यावरचा एक ग्रीक मुलगा निरोप पोचवायच्या कामावर फिरता फिरता 'टाकी 183' लिहीत सुटला, 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली आणि शहरभर त्याचं लोण पसरलं. त्या पोरांनी नुसत्या नावाच्या अक्षरांना दहा वर्षांत काय काय आकार दिले ते बघा. र. कृ. जोशी, अच्युत पालव या सुलेखनकारांच्या अक्षरांपुढे आपण थबकतो ना? तसंच थबकून मुलाच्या वहीतली अक्षरं एकदा बघा.

वहीवरून आठवलं, फिलाडेल्फियाचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. तिथे 1984 मध्ये शहराने ग्राफिटी थांबवायला कार्यक्रम काढला. जेन गोल्डन यांनी त्याच पोरांच्या हातात मोठी भित्तिचित्रं दिली. आज तो म्युरल आर्ट्स कार्यक्रम म्हणून ओळखला जातो आणि शहरात त्याची हजारो चित्रं आहेत. पोलिसांच्या काठीने जे झालं नाही ते भिंत दिल्याने झालं.

काठीवरून सांगते, रात्रीचं फिरणं बंद करा हे मी उगाच म्हटलं नाही. 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टेशनात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडलेला मायकेल स्टुअर्ट नावाचा 25 वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात बेशुद्ध झाला तो शुद्धीवर आलाच नाही, काही दिवसांनी गेला. सिंगापूरला तर फटक्यांची शिक्षा आहे. आपल्याकडे महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा 1995 चा आहे, आणि सतराव्या वर्षी पोलीस चौकीत जायची वेळ कोणावर येऊ नये. आणि हो, मी वर सांगितलेले सगळे हक्क परवानगीने काढलेल्या चित्रांचे आहेत. चोरून काढलेल्या चित्रासाठी कोर्टात उभं राहणं फार अवघड.

तेव्हा सोसायटीच्या कंपाउंड वॉलपासून सुरुवात करा. चेअरमनना मुलानेच रंगीत स्केच दाखवायचं, तुम्ही नाही. त्याला रंगाच्या वाफा अडवणारा मास्क घेऊन द्या, साधा रुमाल उपयोगाचा नाही. परवानगी लेखी घ्या. त्यात एक ओळ आवर्जून टाका: चित्र बुजवायचं असेल तर तीन महिने आधी कळवावं. काम संपलं की त्याच दिवशी नीट फोटो काढून ठेवा. सोसायटीत कोणीतरी नक्की म्हणेल, आपलीच भिंत, आपल्याच पोराचं चित्र, एवढे कागद कशाला? त्यांचं ऐकू नका.