व्हॅनमधला जुना डबा टीव्ही काढून फ्लॅट टीव्ही बसवायचाय, कोणता घेऊ?

दादा, इंच नंतर बघा, आधी कपाटाच्या खणाची रुंदी मोजा. जुना डबा ४:३ आकाराचा (रुंदी:उंची), नवा १६:९. म्हणजे उंचीत जागा उरते आणि रुंदीत अडतं. २४ इंची पॅनेल कडांसकट साधारण ५५ सेंमी भरतं.

आम्ही इंदूरला टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅरव्हॅनमध्ये हेच केलं. २१ इंची डबा उतरवायला दोन माणसं लागली. नवा मी एका हाताने धरला.

खरी गोम विजेची. शक्यतो १२ व्होल्टवर चालणाराच सेट घ्या, इन्व्हर्टरमधली गळती वाचते. ३६ वॅटचा टीव्ही तीन अँपिअर ओढतो. चार तास पाहिलात तर बॅटरीतून १२ अँपिअर-तास गेले. पण "१२ व्होल्ट" या शब्दावर जाऊ नका: गाडी चालू असताना तारेत १४ च्या वर व्होल्ट येतात, आणि घरगुती सेटचं सर्किट तेवढं सोसेलच असं नाही. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर टाका, बॅटरीजवळ फ्यूज.

टीव्हीचा स्टँड ज्याचा हात लॉक होतो असाच घ्या, तोही प्लायवर नको, गाडीच्या सांगाड्यावर कसा. ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरूघाटात आमचा लॉक नसलेला स्टँड दारासारखा हलत होता, आई ओरडली ते वेगळंच!

जुना डबा मात्र उघडू नका. बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो, काचेत शिसं असतं. तसाच ई-कचरावाल्याला द्या.