वाचकांचे प्रश्न : व्हिएन्नाचे डॉक्टर हात का धुवेनात?

प्रश्न : मुलगी यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. हात धुण्याच्या लेक्चरमध्ये त्यांना सेमेलवाइसची गोष्ट सांगितली. त्याने हात धुवा म्हटलं, डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं, शेवटी तो वेड्यांच्या इस्पितळातच गेला. एवढी शिकलेली माणसं साधे हात धुवायला का तयार नव्हती?
— एक पालक, सांगली

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे ते हात धुवत होते. साबणाने, चांगले चोळून. लेक्चरमध्ये नेमका हाच भाग गाळला जातो, आणि मग ती सगळी मंडळी उगाच गबाळी ठरतात.

व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका दगावल्या. दुसऱ्यात ३७५४ पैकी १०५. छप्पर एक, जेवण एक, हवा एक. रुग्णालयाने हे आकडे वर्षानुवर्षं नीट लिहून ठेवले होते, याबद्दल मी त्या कारकुनांना दंडवत घालते. आमच्याकडे महिन्याचा रिपोर्ट भरून घेताना नाकी नऊ यायचे.

पहिल्या विभागाचा दिवस शवविच्छेदनाने सुरू व्हायचा. आदल्या दिवशी गेलेल्या बाईचं प्रेत उघडायचं, कारण शोधायचं, हात धुवायचे आणि वॉर्डात येऊन बाळंतिणी तपासायच्या. एकेका बाईला शिकण्यासाठी पाच-पाच जण तपासत. सुइणींना मात्र प्रेतांवर शिकवत नसत. या रुग्णालयाचे जुने प्राध्यापक बोअर हे प्रेतावर शिकवायला राजी नव्हते, आणि त्यांच्या काळात मृत्यूचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास असायचं. १८२३ मध्ये त्यांच्या जागी क्लाइन आले, प्रेतावरचं शिक्षण सुरू झालं आणि प्रमाण उसळलं. म्हणजे शिक्षण जितकं ‘सुधारलं’, तितक्या बायका जास्त मेल्या. हे मान्य करायला कुणाची जीभ रेटेल?

सेमेलवाइस तिथे पहिल्या विभागात सहायक डॉक्टर होता. त्याने एकेक कारण खोडून पाहिलं. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात जास्त. बायकांना कुशीवर झोपवून बाळंत करून पाहिलं. घंटा वाजवत वॉर्डातून जाणाऱ्या पाद्र्याला पाहून बायका घाबरतात म्हणून त्याची वाटही बदलली. फरक शून्य. मग मार्च १८४७ मध्ये त्याचे मित्र, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का, यांच्या बोटाला शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी लागली आणि ते त्यातच गेले. त्यांच्या शरीरात जे सापडलं, तेच बाळंतिणींच्या शरीरात सापडायचं. तेव्हा सेमेलवाइसला वाटलं की प्रेतातलं काहीतरी हातावरून जातंय. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा बहुतेकांच्या डोक्यातही नव्हतं.

साबणाने धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहतो, हे त्याने हेरलं. वास घालवेल असं काय, तर क्लोरीन. आधी क्लोरीनचं पाणी, ते महाग पडलं म्हणून क्लोरीन मुरवलेला चुना. म्हणजे पावसाळ्यात पालिकेची माणसं गटाराच्या कडेला टाकतात ना, तीच ब्लीचिंग पावडर. वॉर्डाच्या दाराशी भांडं, आणि आत जाण्याआधी हात त्यात. मे १८४७ मध्ये हे सुरू झालं. एप्रिलमध्ये शेकडा अठराच्या वर मृत्यू होते, जूनमध्ये दोनच्या जरा वर, जुलैत दोनच्याही खाली. पुढच्या पूर्ण वर्षात, १८४८ मध्ये, ३५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू, म्हणजे सुइणींच्या विभागाच्या बरोबरीला.

मला यातला ऑक्टोबरचा किस्सा जास्त जवळचा. गर्भाशयाच्या कॅन्सरची एक बाई ओळीत पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून तेच हात, फक्त साबणाने धुऊन, पुढच्या बारा जणींना लागले; अकरा गेल्या. इथे प्रेत कुठेच नव्हतं. मग त्याने नियम वाढवला, दोन पेशंटच्या मधेही क्लोरीन. मी नोकरीभर हाच नियम बोंबलत आले. वॉर्डात येताना सगळे हात धुतात, एका खाटेवरून दुसरीकडे जाताना विसरतात.

आता लोकांनी का मानलं नाही ते. एक तर ‘दूषित हवा’ हीच सगळ्यांची समजूत. दुसरं, त्याने बरीच वर्षं स्वतः लिहिलंच नाही. हेब्रा, श्कोडा या वरिष्ठांनी त्याच्या वतीने मांडलं. त्याचा ग्रंथ आला थेट १८६१ मध्ये, जाडजूड आणि भांडखोर. विरोधकांना तो उघड पत्रांतून खुनी म्हणू लागला. कामाला मानेन मी त्याला, पण वॉर्डात माणसं वळवायला असं बोलून चालत नाही. आणि तिसरं कारण सर्वांत जड. मानलं, तर आपल्या हाताने किती मारल्या ते मोजावं लागतं. जर्मनीतल्या कील शहराच्या डॉक्टर मिकाएलिसने मानलं होतं. त्याने तपासलेली त्याची चुलत बहीण बाळंतरोगाने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या याच तापाने, गेली होती. १८४८ मध्ये त्याने आगगाडीखाली जीव दिला.

वेड्यांच्या इस्पितळाचं खरं, पण ते १८६५ मधलं, व्हिएन्नातली नोकरी सुटल्यानंतर सोळा वर्षांनी. मधल्या काळात पेश्तच्या, म्हणजे आजच्या बुडापेस्टमधल्या, रुग्णालयात त्याने सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत आठच मृत्यू होऊ दिले. लेकीला हा आकडा सांगा.

प्रश्न : रस्त्यात बाळंत होणाऱ्या बायका रुग्णालयातल्यांपेक्षा जास्त वाचायच्या, हे कुठेतरी वाचलं. थाप आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थाप नाही. व्हिएन्नाच्या त्या रुग्णालयात भरती एक दिवस या विभागात, तर एक दिवस त्या विभागात व्हायची, आणि पहिल्याची पाळी आहे कळलं की बायका गुडघे टेकून विनवण्या करायच्या, तिकडे नको म्हणून. काही जणी मुद्दाम वाटेतच बाळंत होऊन मग येत. फुकट सोय आणि बाळाचा सांभाळ त्यांना तरीही मिळे. रस्त्यावर कुणी विद्यार्थी तपासायला नसायचा, एवढंच. गरिबाला वॉर्डातल्या गोष्टी रिपोर्टच्या आधी कळतात.

प्रश्न : भावजय बाळंतपणासाठी रुग्णालयात आहे. दाराशी सॅनिटायझर असतं, तेवढं पुरे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : हाताला काही लागलेलं दिसत नसेल तर पुरे, आणि बऱ्याचदा साबणापेक्षा सोयीचं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात खाटेखाटेशी अल्कोहोलची बाटली ठेवली, तेव्हा १९९४ ते १९९७ दरम्यान हात साफ करण्याचं प्रमाण शेकडा ४८ वरून ६६ वर गेलं आणि रुग्णालयात लागणारे संसर्ग १९९८ पर्यंत शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले. बेसिनपर्यंत चालत जायला कुणाला वेळ नसतो, हे त्यांनी ओळखलं.

पण हाताला रक्त, शी, दूध असं काही दिसत असेल तर साबण-पाणी. जुलाबाच्या पेशंटकडून आला असाल तरीही साबणच, कारण काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत. सॅनिटायझर वीस-तीस सेकंद, ओलं असेपर्यंत चोळायचं. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. अंगठ्या काढून पर्समध्ये टाका, बांगड्या वर सारा. आणि सर्दी असेल तर बाळाला फोटोतच पाहा.